सणाचा खर्च आणि चाकरमान्याचे घर



सणाच्या खर्चाविषयी बोलायचे तर ते वैशाखातच बोलून घेतलेले बरे. भाद्रपद लागला म्हणजे हा विषय ऐकायला कोणाला सवड नसते, आणि गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन हिशेबाची वही पुढे आली म्हणजे तो ऐकण्याची कोणाला इच्छा नसते. शिवाय या मंडपात बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे येत्या सहा महिन्यांचा खर्च आत्ताच उभा राहिला असेल. जूनमध्ये शाळा उघडते. पुस्तके, वह्या, गणवेश, छत्री, फी. त्याच पंधरवड्यात शेतीवाल्याला बियाणे, खत आणि मजुरी. तेथून दोन-अडीच महिन्यांत गणपती, आणि गणपतीची उसनवारी फिटते न फिटते तोच दिवाळी. बाप पगाराची तारीख मोजतो, आई वाण्याचे खाते मोजते आणि मुले सुट्टीचे दिवस मोजतात.

हा खर्च वर्षानुवर्षे का वाढतो, असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते. लोक उधळे झाले, पूर्वीची साधी राहणी गेली, असे वडीलधारी मंडळी सांगतात. या उत्तरात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण इतिहासाचे कागद चाळले म्हणजे हे उत्तर अपुरे वाटू लागते. आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले तर सण महाग होण्याचे मोठे कारण दुसरेच दिसते. कोकणातले घर दोन ठिकाणी विभागले गेले, आणि त्या दोन ठिकाणांमधल्या अंतराची किंमत सणाच्या खात्यावर पडू लागली. पुढे हळूहळू ती मुलांच्या नावावर लिहिली गेली. हे कसे घडले ते आज आपण क्रमाने पाहू.

प्रथम जुन्या घरचा गणपती डोळ्यांपुढे आणा. गणपती येतो तो कोकणातल्या कुणब्याच्या सर्वांत ओढगस्तीच्या दिवसांत. आवणी होऊन गेलेली असते, हळवे भात अजून हाती यायचे असते, गेल्या वर्षीच्या कणग्या तळाला लागलेल्या असतात. दिवाळी सुगीच्या तोंडावर येते. गणपती सुगीच्या आधी येतो. आता या सणाची सामग्री पाहा. मोदकाला तांदूळ घरचा, नारळ परसातला. गूळ तेवढा बाजारचा. पातोळ्यांना हळदीचे पान कुंपणाजवळ उगवलेले. मंडपीला बांधायची कवंडळे, सुपारीचा घड, शेरवडाची पांढरी पाने ही सारी रानातली आणि बागेतली. अनेक घरांत गौर म्हणून तेरड्याची रोपे आणीत, आणि तेरडा तर वाटेच्या कडेला हवा तेवढा. ऋषिपंचमीची भाजी तर बैलाच्या कष्टाचे काही न वापरता करायची, म्हणजे परसात आपोआप उगवलेले आळू, भेंडी, दोडकी, कंद हेच त्या दिवशीचे अन्न. रित्या कणगीच्या दिवसांत आलेल्या सणाने रित्या कणगीला साजेल असाच स्वयंपाक ठरवून घेतला होता.

मूर्तीचेही तसेच. आपल्याकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आषाढ-श्रावणात घरचा पाट या शाळेत नेऊन ठेवायचा आणि चतुर्थीला त्याच पाटावर गणपती घरी आणायचा. मूर्तिकाराला मोबदला म्हणून तांदूळ, नारळ आणि वर यथाशक्ती दक्षिणा दिली जाई. अनेक गावांत साऱ्या भावकीचा मिळून मूळ घरी एकच गणपती, आणि त्याची पाळी दरसाल एकेका घराकडे. ज्याची पाळी त्याने खर्च सोसायचा. बाकीच्यांनी हातभार लावायचा. अशा व्यवस्थेत रोकड फारशी लागत नसे. त्या काळचे लोक पुण्यवान होते आणि आजचे उधळे आहेत असा निष्कर्ष यावरून काढू नये. त्यांच्याजवळ रोकड नव्हतीच. भाताचा मोठा हिस्सा खोताच्या घरी जात होता आणि पोटाला पुरेसे उरत नव्हते. पण सण मात्र त्यांना कर्जात ढकलत नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

या व्यवस्थेत मुलांचे स्थान काय होते? शाळकरी वयाचे मूल हे सणाचे कामकरी होते. माती मळायला शाळेत बसायचे, रानातून तेरडा आणि कवंडळे आणायची, दूर्वा खुडायच्या, चंदन उगाळायचे, रात्री वाडीतल्या प्रत्येक घरी आरतीला जाऊन टाळ वाजवायचे, जाखडीच्या नाचात फेर धरायचा. मुलाला सणातून मिळत होते ते काम आणि गूळ-खोबरे. त्याच्यासाठी विकत आणायचे असे फारच थोडे होते.

आता मुंबईकडे वळू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरील दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. दर उघाडीला या जिल्ह्यातून एक लाखाहून अधिक माणसे मजुरीसाठी मुंबईला जातात आणि पावसाच्या आरंभी शेतीसाठी परत येतात, अशी त्यातली नोंद आहे. ही नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. माणूस दिवाळीनंतर जाई आणि मृगापूर्वी परते. म्हणजे गणपतीला तो घरीच असे. त्याला गणपतीसाठी गावी ‘यावे’ लागत नव्हते.

पुढे हा क्रम मोडला. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात होती, आणि तीत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या वर होते. त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा बराच भाग रत्नागिरीतच मोडत असे. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. १९११ पर्यंत मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरीत जन्मलेले होते. गिरणीचा भोंगा मृग-आर्द्रा जाणत नाही. पावसाळ्यात चार महिने गावी राहणाऱ्याची जागा दुसऱ्याला मिळणार, हे उघड होते. म्हणून माणूस बाराही महिने मुंबईत राहू लागला. बायको, मुले, म्हातारी माणसे, शेत आणि देव गावी राहिले. या विभागणीची खूण आजही शिरगणतीत दिसते. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या.

या दोन अर्ध्या घरांना जोडणारा दोर म्हणजे मनीऑर्डर. १ जानेवारी १८८० पासून हे काम टपाल खात्याने आपल्याकडे घेतले. कोकणातल्या पोस्टमनला जो मान मिळाला तो पुष्कळसा या मनीऑर्डरीमुळे. सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तीत २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे हिशेब तपासले होते. एकट्या पुरुषाच्या कमाईतला सुमारे पाव हिस्सा गावी जात होता, असे त्यात आढळले. जे पूर्वी परसातून येत होते ते आता पोस्टातून येऊ लागले. आणि पोस्टातून येणारी वस्तू एकच, ती म्हणजे रोकड.

रोकड हाती आली की सणाचे स्वरूप पालटते. गावी हातपाय चालवणारा गडी नाही. मग मंडपीची सामग्री, फुले, भाजी बाजारातून आणावी लागते. मूर्तिकारालाही वाण्याकडे रोकड लागते, म्हणून तो तांदळाऐवजी पैसे मागतो. त्यातच प्रवासाची भर. पूर्वी पावसाळ्यात आगबोटी बंद असत; समुद्र शांत होऊन त्या सुरू होण्याची आणि गणपतीची वेळ जेमतेम जुळे. आगबोटीचे भाडे, धक्क्यावरून पडावाचे पैसे, पुढे बैलगाडी. आणि या सर्वांहून मोठा खर्च म्हणजे बुडालेली मजुरी. दहा दिवस गिरणीतून गैरहजर राहिलेल्याला दहा दिवसांचा रोज नाही. सणाचा खर्च मांडताना आपण मखर आणि मोदक मांडतो, बुडालेला रोज मांडत नाही. तो मांडला असता तर अंतराची किंमत केवढी होती ते तेव्हाच कळले असते.

मग ही रोकड येत होती कोठून? येथे कर्जाचा प्रश्न येतो, आणि येथेच उधळपट्टीच्या उपदेशाची कसोटी लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो दख्खनच्या गावागावांत पसरला. त्याच्या चौकशीसाठी सरकारने मंडळ नेमले. त्या काळच्या साहेब लोकांचा ठाम समज असा, की रयत कर्जबाजारी होते ती लग्ने आणि सण यांवर पैसे उडवल्यामुळे. चौकशी मंडळाने पुरावा तपासून या समजाला पाठिंबा दिला नाही. या खर्चाला कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, कर्जाचे मूळ त्यात क्वचितच सापडते, असा त्याचा अभिप्राय पडला. हा अभिप्राय देशावरच्या शेतकऱ्याविषयी असला तरी कोकणच्या चाकरमान्यालाही तो लागू पडतो, हे मजूर कचेरीच्या पाहणीवरून दिसते.

त्या पाहणीत कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास होते, आणि शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा दर पुष्कळदा रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला एक आणा फार लहान वाटतो. पण समजा, एखाद्याने गणपतीला गावी जाताना २० रुपये काढले. महिन्याचे व्याज २० आणे, म्हणजे सव्वा रुपया. पुढच्या गणपतीपर्यंत त्याने १५ रुपये व्याज भरले, आणि मूळचे २० रुपये तसेच शिल्लक. द.सा.द.शे. ७५ हा तो दर. पुढल्या वर्षी त्याला पुन्हा २० रुपये लागणारच. आता या माणसाला सणाने बुडवले की व्याजाने? शिवाय गिरणीत पगार महिना संपताच मिळत नसे; पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळे. नवा लागलेला कामगार दीड महिना उधारीवर जगे आणि ती उधारी त्याच्या मानगुटीवर कायमची बसे. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार महिना संपल्यापासून ठरावीक दिवसांत, लहान कारखान्यात सातव्या आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत, देणे बंधनकारक केले. हिंदुस्थानातल्या मजुरांविषयीच्या राजनियुक्त मंडळाने १९३१ साली नमूद केले होते, की बहुतेक औद्योगिक शहरांत दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. हे तीन महिने मोदकांनी खाल्ले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता मुलांकडे येऊ. बाप वर्षातून एकदा-दोनदा घरी येतो. मुलाने त्याला शिमग्यानंतर पाहिलेले नसते. अशा बापाने रिकाम्या हाताने उंबरठा कसा ओलांडायचा? म्हणून त्याच्या ट्रंकेत नवा सदरा येतो, परकराचे कापड येते, मुंबईची मिठाई येते, रंगीत पेन्सिली येतात, फटाके येतात. शेजारच्या घरचा चाकरमानी काय घेऊन आला, हे वाडीतली सारी पोरे संध्याकाळपर्यंत तोंडपाठ करतात. दुसऱ्या वर्षी तुलना होते, तिसऱ्या वर्षी मागणी होते. यात लोभ नाही. सहा महिन्यांची गैरहजेरी पाच दिवसांत भरून काढण्याची ही धडपड आहे, आणि अशा धडपडीला वरची मर्यादा सापडत नाही. जे मूल पूर्वी सणाचे कामकरी होते ते अशा रीतीने सणाचे गिऱ्हाईक झाले.

हा बदल केवळ आपल्याकडेच झाला असे समजण्याचे कारण नाही. ख्रिस्ती देशांतला नाताळ पाहा. आज आपण ज्याला नाताळ म्हणून ओळखतो, घरात सजवलेले झाड, मुलांसाठी भेटी, कुटुंबाची मेजवानी, तो पुष्कळसा एकोणिसाव्या शतकात घडला. डिकन्सची नाताळाची प्रसिद्ध गोष्ट १८४३ मधली. राणी व्हिक्टोरियाच्या घरचे नाताळाचे झाड लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापले गेले ते १८४८ साली. त्यापूर्वी गावोगावचा नाताळ हा शेतीचे काम थंडावलेल्या दिवसांतला खाण्यापिण्याचा आणि शेजारपाजारचा सण होता. गिरण्या उभ्या राहिल्या, माणसे शहरात आली, आणि सण अंगणातून दुकानात गेला. तेथेही मुलांच्या भेटींसाठी आईबाप कर्ज काढू लागले आणि तेथेही पाद्री व वर्तमानपत्रे त्यांना उधळेपणाबद्दल बोल लावू लागली. तेथल्या गरिबांनी यावर काढलेला उपाय आपल्या भिशीसारखाच आहे. वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करायचे आणि डिसेंबरात एकदम उचलायचे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ साली असा नाताळ-संचय सुरू केला आणि तो देशभर पसरला. पण येथेही धोका आहेच. इंग्लंडमध्ये २००६ च्या ऑक्टोबरात, नाताळ दोन महिन्यांवर आला असताना, फेअरपॅक नावाची अशी संचय कंपनी बुडाली. सुमारे दीड लाख साध्या कुटुंबांनी वर्षभर साठवलेले पैसे ऐन वेळी गेले. भिशीवाला पसार झाला म्हणजे काय होते, हे आपल्या पेठेत कोणाला सांगायला नको.

आपल्याकडे चाकरमान्याने या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी जो मार्ग धरला तो म्हणजे बोनस. बोनसचा इतिहास मालक-मजूर वादाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो घरगुती सणाचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना अलोट नफा झाला, आणि तेव्हापासून १९२२ पर्यंत मालकांनी दरसाल बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला गेला. तेव्हा १९२४ च्या जानेवारीत मुंबईतल्या दीड लाखाच्या वर कामगारांनी काम बंद केले आणि हा संप मार्चपर्यंत चालला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क पोहोचत नाही, असा निर्णय दिला. मालकाच्या दृष्टीने बोनस ही खुशीची देणगी होती. कामगाराच्या घरात मात्र तोपर्यंत ती जमेची बाजू झालेली होती. तिच्या भरवशावर वाण्याने उधार दिलेले होते.

कायद्याला हे मान्य व्हायला चाळीस वर्षे लागली. बंगालात दुर्गापूजेच्या वेळी बोनस देण्याची चाल होती. कलकत्त्याच्या एका कंपनीच्या प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे मानले, की वर्षानुवर्षे न चुकता दिला गेलेला पूजेचा बोनस ही नोकरीची गृहीत अट ठरू शकते. सणाला खर्च लागतो आणि तो नोकराच्या हिशेबात धरावा लागतो, ही गोष्ट अशा रीतीने न्यायासनापुढे मान्य झाली. पुढे १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान बोनस प्रथम शेकडा ४ आणि नंतर शेकडा ८.३३, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, असा ठरला. वर्षाला तेरावा पगार मिळतो असे लोक म्हणू लागले ते यावरूनच.

पण हा आधार किती नाजूक होता हेही रत्नागिरीने पाहिले. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या रकमेवरून गिरण्यांत असंतोष पेटला. त्यातून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. या संपाचे यशापयश हा आजचा विषय नव्हे. आपल्यापुरती गोष्ट अशी, की सणाच्या पैशांवरून सुरू झालेल्या भांडणातून शेवटी अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या, आणि अनेक कामगार ट्रंक घेऊन गावी परतले ते पुन्हा न जाण्यासाठी. ज्या घरांची चूल मनीऑर्डरीवर पेटत होती त्या घरांनी पुढचे गणपती कसे साजरे केले असतील, याची कल्पना करावी. देव कोणी बंद केला नाही. पाच दिवसांचा दीड दिवसाचा झाला, मोठ्या मूर्तीची लहान झाली, आणि रानातली मंडपी पुन्हा रानातूनच आली. म्हणजे सण लहान करण्याची कला आपल्या लोकांना अवगत आहे. फक्त ती त्यांच्यावर संकट म्हणून येऊ नये.

आजची स्थिती काय? आगबोटी गेल्या, एस. टी. आली, आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. अंतर वेळेने कमी झाले, पैशाने झाले नाही. रेल्वेने २१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतली तर पूर्ण भाडे द्यावे लागते. पूर्वी अर्धे लागे. आईबाप आणि दोन शाळकरी मुले अशा घराला पूर्वी जाण्याला तीन पूर्ण भाडी पुरत, आता चार लागतात. जाऊन-येऊन सहाऐवजी आठ. ज्या घरात अशी मुले नाहीत त्याला ही वाढ कळतही नाही. तिकीट न मिळालेला माणूस खाजगी बसकडे जातो. ऐन सणात त्या बसचे भाडे इतके चढे, की २०१८ साली राज्य सरकारला एस. टी. च्या दीडपटीची मर्यादा घालावी लागली. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा शिधा शिधापत्रिकेवर दिला. ही मदत स्वागतार्ह होती; पण चाकरमान्याच्या घरात सणाच्या खर्चाचा जड भाग स्वयंपाकघरात नाही, प्रवासात आणि ट्रंकेत आहे.

तेव्हा करायचे काय? उपदेशाने काही होत नाही हे दीडशे वर्षांच्या अनुभवावरून दिसले. ज्याला वर्षातून पाच दिवस घर मिळते त्याला त्या पाच दिवसांत काटकसर शिकवणे हे बरे दिसत नाही. पण इतिहासातून दोन-तीन गोष्टी मात्र उचलता येतात. एक, ज्या घरात खर्च वाटून घेण्याची रीत टिकली तेथे सणाने कोणाला बुडवले नाही. भावकीची पाळी ही मागासलेपणाची खूण नसून विम्याची योजना होती. आज भाऊ तीन शहरांत असले तरी मूळ घरचा एक गणपती, एक पाळी आणि सर्वांचा हिस्सा अशी व्यवस्था चालू ठेवता येईल. दोन, सणासाठी काढलेल्या रकमेपेक्षा तिचे व्याज अधिक घातक असते. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या त्या रयतेला सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठीच. ज्या पतपेढ्या वैशाखापासून भाद्रपदापर्यंत सभासदांची लहान लहान बचत घेतात, त्या ऐन सणात कर्ज वाटणाऱ्यांपेक्षा अधिक उपकार करतात. हप्त्याने मिळणारा दूरदर्शन संच किंवा मोबाईल हा रुपयामागे एक आण्याचाच नवा अवतार तर नाही ना, हे सही करण्यापूर्वी गुणाकार करून पाहावे.

तिसरी गोष्ट मुलांची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांना सणात काय घ्यावे हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. सणात मुलांना काय करू द्यावे, हा प्रश्न आपण विचारीनासे झालो आहोत. मूर्ती तयार येते, मखर तयार येते, हार तयार येतो, मोदकसुद्धा डब्यातून येतात. मग मुलाला करण्यासारखे उरते काय? ते नवे कपडे घालून बसते आणि फटाके मागते. पाट घेऊन गणपतीच्या शाळेत जाणे, दोन दिवस माती मळणे, काकांबरोबर रानात जाऊन कवंडळ कोणते आणि शेरवड कोणते हे ओळखणे, आजीच्या शेजारी बसून मोदकाच्या कळ्या पाडणे, वाडीतल्या सर्व घरी आरतीला जाणे, यांना पैसे पडत नाहीत. मुंबईत वाढणाऱ्या मुलाला तर हे सारे नवीनच आहे. ज्या गावासाठी बापाने आठ भाडी भरली ते गाव त्याला याच रीतीने ओळखीचे होणार. या खर्चाचे सार्थक व्हायचे असेल तर तो येथे होईल.

सणाचा खर्च पूर्णपणे टळणार नाही. जोवर रत्नागिरीचा तरुण पोटासाठी परगावी जातो आहे तोवर दोन घरांमधल्या अंतराची किंमत कोणाला तरी द्यावीच लागेल, आणि ती आजवर आईबापांनी तक्रार न करता दिली आहे. त्यांना उधळे म्हणण्यापूर्वी त्यांनी कशाचे पैसे भरले ते आपण नीट पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि येत्या अक्षय्य तृतीयेला, सोने घेता आले तर जरूर घ्यावे. पण न आले तर एक कोरी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच गणपतीचा हिशेब मांडायला सुरुवात करावी. प्रवास, मूर्ती, किराणा, कपडे असे रकाने पाडावेत, आणि घरच्या घरी काय करता येईल त्याचा एक रकाना शेवटी मोकळा ठेवावा. तो भरायला मुलांना भाद्रपदापर्यंत वेळ आहे.